आल्बिनाची जागा

“खड्डा तयार आहे, लिबी. कालच खणून घेतलाय. तुझ्या बापाच्या उजव्या हाताला,” मिलो झाबका म्हणाला आणि त्याने ताटातला खसखस भरलेला दुसरा कोलाचा, तो गोड पाव, उचलला.

लिबी ओट्याला टेकून उभी होती. आई जाऊन दोन दिवस झाले होते. शेजारणींनी आणून ठेवलेल्या ताटांनी स्वयंपाकघरात हात टेकायलाही जागा उरली नव्हती.

“आई गावातल्या दफनभूमीत जाणार नाही,” ती म्हणाली. “टेकडीवर जाईल.”

मिलोने कोलाचा बशीत ठेवला.

टेकडी म्हणजे नेब्रास्काच्या सपाट शेतांमधला एकरभर उंचवटा. बोहेमियातून येऊन इथलं गवत पहिल्यांदा ज्यांनी नांगरलं, मातीच्या ढेपांची घरं रचून जे राहिले, ती माणसं तिथे पुरलेली. घटसर्पाने पाठोपाठ गेलेली एकाच घरची चार भावंडंही तिथेच. पण लिबीच्या जन्मापासून तिथे नवी कबर झालेली नव्हती. भोवतीची सगळी जमीन मिलोची आणि टाउनशिपच्या मंडळाचा अध्यक्षही मिलोच. वापरात नसलेली दफनभूमी बंद करावी, कबरींवरचे दगड गावात कचेरीसमोरच्या हिरवळीवर नीट मांडावेत, असा ठराव त्याने आणला होता. मतदान पुढच्या आठवड्यात होतं.

लिबीच्या आईने, आल्बिनाने, अर्धा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात काढला आणि उरलेला त्या टेकडीवर. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने ती दगड धुवायची. कोणी ब्लीच घेऊन आलं तर हाकलून द्यायची. गेल्या सभेत ती मागच्या बाकावरून उठली. म्हणाली, “दगड नेशील, मिलो. खालच्यांचं काय करशील? मीच जाऊन पडते तिथे. मग बघू तू कशी बंद करतोस ते.” सभेत मोठा हशा पिकला होता.

“अगं, थट्टा होती ती,” मिलो आता म्हणाला.

“थट्टाच होती. पण आई थट्टेतही खोटं बोलायची नाही.”

“आणि तुझ्या बापाने जोडदगड करून ठेवलाय, त्याचं काय? तिचं नाव, जन्मसाल सगळं कोरलंय. शेवटचं साल तेवढं घालायचं राहिलंय. त्याला एकट्याला ठेवशील?”

घाव बरोबर जागी बसला. लिबीने ओट्यावरचं फडकं उचललं, घडी घातली, पुन्हा उलगडलं.

“बाबा एकटे नाहीत, काका. अख्खं गाव निजलंय त्यांच्या शेजारी. टेकडीवर जाणारं एकच माणूस होतं. ते गेलं.”

“मका उगवलाय माझा. खणायचं मशीन मी आत घालू देणार नाही.”

“मशीन नकोच. घरात फावडी आहेत.”

“आणि पेटी?”

“हातांवर.”

“मी वाटच दिली नाही तर?”

“तर आम्ही पेटी घेऊन रस्त्यावर उभे राहू. चर्चमधून सगळे मागे असतील. तुम्ही पुढे या आणि त्यांना सांगा, आल्बिनाला इथून आत सोडणार नाही म्हणून. तिच्या हातचं जेवून मोठा न झालेला एक जण दाखवा त्यांच्यात.”

मिलो उठला. टोपी चढवता चढवता म्हणाला, “आईवर गेलीयस. तीही अशीच डोकं खायची.”

“तो कोलाचा संपवून जा,” लिबी म्हणाली. “टाकलेलं तिला खपायचं नाही.”

एर्विनमामाने आणि लिबीने आळीपाळीने खणलं. जुन्या गवताची मुळं दोरखंडासारखी. फावडं वाजायचं आणि उसळून परत यायचं. “इतकी माणसं कशी काय पुरली असतील गं यांनी?” मामा धापा टाकत म्हणाला. लिबीने फावडं पुन्हा मारलं. तिच्या तळहातांना फोड आले होते.

दफनाच्या सकाळी गाडी रस्त्याकडेला थांबली. सहा जणांनी पेटी उचलली आणि पहिलं पाऊल वीतभर मक्यात पडलं. बांधावर मिलो ट्रॅक्टर उभा करून बसला होता. पुढचे दोघे थबकले. लिबी त्यांना ओलांडून पुढे झाली आणि त्याच्याकडे न बघता चालू लागली.

“एकामागून एक चला,” मिलो मागून ओरडला. “सगळं शेत तुडवू नका.”

पुढच्या आठवड्यात त्याने ठराव मागे घेतला. कारण सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

ऑगस्टमध्ये मका डोक्याच्या वर गेला. माणसं चालली होती तेवढी एक अरुंद पट्टी रस्त्यापासून टेकडीपर्यंत उघडी राहिली होती. तिथे पुन्हा पेरलेलं नव्हतं. लिबी तिथून वर चढली. नव्या कबरीची माती पावसाने खचली होती, तशी ती खचतेच. तिने हातातली बादली तिथे उपडी केली, पावलाने माती दाबून घेतली. खळगा भरला नव्हता. रिकामी बादली घेऊन ती आणखी माती आणायला मिलोच्या शेतात उतरली.