आमच्या कॉम्प्युटरचं राहतं गाव

अपडेट यशस्वी झालं. कॉम्प्युटर न कुरकुरता उघडला, पडद्यावर 'सर्व काही तयार आहे' असं आलं आणि आईनं सुटकेचा निःश्वास टाकला.

हे तुम्ही वाचलंच नाही असं धरा. आमच्या घरात ते झालेलं नाही. बाबांची याबाबतची भूमिका अशी, की अपडेट अजून चालू आहे, अशा गोष्टींना वेळ लागतो, आणि घाई करणाऱ्यांनी आयुष्यात एकदा तरी बस डेपोत नोकरी करून बघावी. तेव्हा अपडेट फसत होतं तिथूनच सुरुवात करू.

फसायचं ते असं. रोज दुपारी कॉम्प्युटर आपला आपण बंद व्हायचा, आपला आपण सुरू व्हायचा, टक्के मोजत निम्म्याच्या पुढे जायचा आणि ऐन चढावर दम लागल्यासारखा थांबायचा. मग पडद्यावर यायचं, 'अपडेट पूर्ण होऊ शकलं नाही. केलेले बदल मागे घेत आहोत.'

बाबा चष्मा कपाळावर चढवून ते वाक्य वाचायचे. "बघ, किती सभ्य माणसं. जमलं नाही की मागे घेतात. नाहीतर आपण."

'नाहीतर आपण' म्हणजे जुनं गाव सोडणं. बाबा तिथल्या डेपोत टाइमकीपर होते. कुठली बस कधी सुटली, का अडली, कुठून वळवायची, हे त्यांच्या शिट्टीवर चालायचं. ते निवृत्त झाले आणि मला इथे नोकरी लागली. सगळ्यांनीच इथे यायचा ठराव आईनं मांडला, मी अनुमोदन दिलं, आणि बाबा त्या वेळी दाढी करत होते. ठराव एकमतानं मंजूर झाला.

माझी नोकरी म्हणजे लोकांना फोनवर "बंद करून परत सुरू करा" असं सांगणं. त्यामुळे घरचा कॉम्प्युटर बिघडणं ही माझ्या इभ्रतीची गोष्ट होती, असं आईला वाटायचं. मला तसं काही वाटत नव्हतं. पण आईला खरोखर घाई होती.

कारण ताई. ताई सातासमुद्रापार, आणि तिची पोरगी सोफ्याला धरून उभी राहायला लागलेली. व्हिडिओ कॉलच्या ॲपनं बजावलं होतं, की महिनाअखेरीनंतर जुन्या सिस्टिमवर आम्ही चालणार नाही. आई-बाबांचे फोन बटणांचे. माझा फोन माझ्याबरोबर ऑफिसात, आणि ती पोरगी जागी असते नेमकी तेव्हाच.

"आज ना उद्या ती हात सोडणार," आई म्हणाली. "मला ते फोटोत नकोय. फोटोत सगळीच मुलं उभी असतात."

दुसरा कॉम्प्युटर घेऊ, असं मी सुचवून पाहिलं.

"एका घरात दोन चुली?" बाबा म्हणाले.

"काहीतरीच बोलतो हा," आई म्हणाली. त्या वर्षातलं त्यांचं ते एकमेव एकमत.

मग मी कामाला लागलो. जागा रिकामी केली, अँटिव्हायरस झोपवला, प्रिंटर काढून ठेवला, वायर बदलली. एकदा बाबांच्या सांगण्यावरून कॉम्प्युटरचं तोंड खिडकीकडे केलं. बदल मागे. शेवटी कॉम्प्युटरनं आपल्या पोटात लपवलेली चुकांची यादी मी उघडली, तर प्रत्येक अपघाताच्या जागी एकच इसम हजर. व्हीपीएन.

व्हीपीएन म्हणजे काय, तर आपण बसायचं एका गावात आणि इंटरनेटला सांगायचं की आम्ही दुसऱ्याच गावात आहोत. आमच्याकडे याला थाप मारणं म्हणतात. ही थाप आमच्या कॉम्प्युटरला शिकवली होती बाबांच्या डेपोतल्या दोस्तानं. तो इलेक्ट्रिशियन, आणि सगळा डेपो त्याला 'शॉर्टसर्किट' म्हणायचा. निरोपाच्या दिवशी सगळे शाली आणि घड्याळं देत होते, तेव्हा या माणसानं आमचा कॉम्प्युटर उघडून त्यात काहीतरी भरलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "टायम्या, तू गेलास हे याला कळणारच नाही."

खरंच कळलं नाही. कॉम्प्युटर अजून तिथेच राहत होता. त्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ शॉर्टसर्किटनं डेपोच्या कँटीनमधल्या मागे पडलेल्या घड्याळाशी जुळवलेलं, आमच्यापेक्षा एक तास मागे, आणि बाबा दोन्ही गावांचा चहा प्रामाणिकपणे घ्यायचे. मुख्य म्हणजे त्यावर त्या गावचा रेडिओ लागायचा. तो रेडिओ इंटरनेटवर फक्त गावातल्या माणसांनाच ऐकू येतो. बाहेरच्यांना दार बंद. रोज सकाळी एक बाई चोंदलेल्या नाकानं गावाच्या बातम्या द्यायची. जगात काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. पुलावर कोंडी, बाजारात झाड पडलं, सापडलेल्या वस्तूंमध्ये एक निळी छत्री आणि एक डावा बूट.

"परत डावा!" बाबा अस्वस्थ व्हायचे. "अरे, उजवे जातात कुठे?"

पुलावर कोंडी म्हटलं, की ते खुर्चीत ताठ व्हायचे. "सहा नंबर गिरणीवरून घ्या." मग जरा थांबायचे, बस वळेपर्यंत. वळली की चहाचा घोट.

आणि पाणी. 'उद्या वरच्या वस्तीत पाणी येणार नाही,' असं बाईनं सांगितलं, की बाबा उठून बादल्या भरायचे. इथे. आमच्या बाथरूममध्ये. त्या नळाला आजवर एकदाही दगा देणं जमलेलं नाही. पहिल्यांदा आई म्हणाली, "अहो, डोकं फिरलं का? ते पाणी तिकडे जाणार." बाबा म्हणाले, "आपण वरच्या वस्तीतले ना?" पुढच्या वेळी मी बघितलं, तर भांडी तीच घासूनपुसून भरत होती आणि कुरकुर करत होती, की या लोकांना दोन दिवस आधी सांगायला काय होतं.

मी आपल्या धंद्याचा मान ठेवून सिस्टिमवाल्यांच्या हेल्पलाइनला फोन लावला. स्पीकर चालू. बाबा खुर्चीत.

"सर, आपण आत्ता कुठून बोलताय?"

"खुर्चीवरून," बाबा म्हणाले.

"नाही, म्हणजे गाव कुठलं?"

बाबांनी चष्मा पुसायला काढला. मी पत्ता सांगितला.

"पण सर, कॉम्प्युटर तर दुसऱ्याच गावात दिसतोय."

"हुशार आहे तो."

पलीकडची मुलगी शिकवल्याप्रमाणे हसली. "सर, ते व्हीपीएन काढावं लागेल. नुसतं बंद करून उपयोग नाही, मुळापासून काढा. ते नेटवर्कच्या दारात खुर्ची टाकून बसलंय, म्हणून अपडेट गडबडतंय. एकदा अपडेट झालं की परत टाका, हाय काय अन् नाय काय."

परत टाकायचं म्हणून मी शॉर्टसर्किटकाकांना फोन केला.

"परत कुठून टाकतोस?" ते म्हणाले. "ती कंपनी म्हणजे आपल्याच गावचे दोघे भाऊ. त्यांनी गाशा गुंडाळला. आता गाद्या विकतात."

"पण चालतंय की अजून."

"मशीन चालतंय. कुठल्या बटणानं बंद होतं ते दोघांनाही माहीत नाही. पण नवीन परवाना द्यायला कोणी नाही. जुनं आहे तोवर आहे. काढलंस की संपलं."

"दुसऱ्या कंपनीचं घेतलं तर?"

"बाकीच्या सगळ्या मोठ्या शहरांत दुकान थाटून बसल्यात. आपल्या गावात कोण मरायला येतंय?"

"गाद्या कशा आहेत?" बाबांनी विचारलं.

"एक नंबर," स्पीकर म्हणाला.

म्हणजे हिशेब सरळ होता. व्हीपीएन ठेवलं, तर नात चालायला लागल्याचं फोटोत बघायचं. काढलं, तर गाव गेलं. घर एक, कॉम्प्युटर एक, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते, जणू मी बंद करून परत सुरू करणार होतो.

"राहू दे," आई म्हणाली. "फोटोत बघीन. फोटोही काही वाईट नसतात." पाहुण्यांना भाजी कमी पडेलसं दिसलं, की ती 'मला भूकच नाही' म्हणते, अगदी तसंच म्हणाली. बाबांनी ती भूक नसणं आयुष्यभर ऐकलं होतं.

रविवारी सकाळी त्यांनी बातम्या पूर्ण ऐकल्या. पुलावर कोंडी होती. त्यांनी सहा नंबर गिरणीवरून घेतली, ती वळेपर्यंत थांबले, मग मला हाक मारली. "काढायचं कुठून ते दाखव."

"बाबा, मी करतो."

"तू फक्त बोट दाखव. शिट्टी मी मारणार."

मी बोट दाखवलं. त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, 'तुमची खात्री आहे का?'

बाबांनी चष्मा कपाळावर चढवून तो प्रश्न वाचला. "गाव सोडताना हे कोणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले, आणि 'हो' दाबलं.

पुढे जे झालं ते झालेलं नाही, हे मी वर सांगितलंच आहे. त्याच आठवड्यात ताईच्या पोरीनं सोफा सोडला. तीन पावलं आली, पडद्याकडे बघून हसली आणि बदकन बसली. आई एवढ्या जोरानं ओरडली, की शेजारीण विळी घेऊन आली. बाबा डोळे पुसत म्हणाले, "निघाली वेळेवर. ब्रेक सुधारायला हवेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे खुर्चीत बसले. रेडिओच्या जागी लिहून आलं, 'हा कार्यक्रम आपल्या भागात उपलब्ध नाही.'

"बाई रजेवर असेल," बाबा म्हणाले. "सर्दी वाढली असेल. आणि अपडेटही चालू आहे म्हणा." त्यांनी आवाज वाढवला आणि काहीच न येणारं ऐकत बसले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पदराला हात पुसत उभी राहिली. "बाजारात झाड पडलंय म्हणे," ती म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. "कुठलं?"

"ते... वाकडं."

"ते तर आपण असतानाच पडलं होतं."

"मग परत पडलं असेल. वाकडंच होतं."

बाबा खुर्चीत ताठ झाले. "मग चार नंबर मागून घ्यायला सांगा."

"सांगितलंय," आई म्हणाली आणि आत गेली.

तेवढ्यात पडद्यावर एक चौकट उघडली. सिस्टिमवाले विचारत होते, की अपडेटचा अनुभव कसा होता, आपल्या सूचना आम्हाला मोलाच्या आहेत. मी ती बंद करणार, तोच बाबा म्हणाले, "थांब. लिही." डेपोतल्या सरकारी आवाजात ते सांगत गेले आणि मी टंकत गेलो.

'महोदय, अर्जदाराचे सामान, कुटुंब व शरीर नव्या पत्त्यावर सुखरूप पोहोचले असून त्याबाबत अर्जदाराची तक्रार नाही. तथापि अर्जदाराचा उर्वरित भाग अद्याप जुन्या पत्त्यावरच कार्यरत आहे. सबब, रोज सकाळी बातम्या संपेपर्यंत अर्जदारास तेथील रहिवासी गणण्यात यावे, व अर्जदाराच्या पत्नीसही गणण्यात यावे. ती अर्ज करणार नाही. तिला विचारू नये, परस्पर मंजुरी द्यावी, ही नम्र विनंती.'