भिवा तांडेलाचा मचवा

गुणाजीच्या बायकोने, अंबिकाने, फराळाचं ताट झाकून ठेवल्याला दोन दिवस झाले होते. गुणाजीचा दोस्त वसंत याच्या घरी, सुतक सरलं असलं तरी, तो गेल्यानंतरची यंदा पहिली दिवाळी. अशा घरात कढई चढत नाही, शेजारपाजारचे आणि जवळचे लोक ताट नेऊन देतात. "नेता ना?" असं तिने दोनदा विचारलं आणि गुणाजीने दोन्ही वेळा "नंतर नेतो" म्हणून वेळ मारून नेली. वसंतची आई, राधाबाई, त्याच चाळीत वरच्या मजल्यावर राहत होती. तो जिना गुणाजी दहा महिने चढला नव्हता.

जानेवारीत मराठी राज्यासाठीच्या मोर्चाच्या दिवशी चौकात उभं राहून त्यानेच वसंतला हाक मारली होती. त्याच संध्याकाळी गोळीबारात वसंत गेला. कुणी गुणाजीला बोल लावला नाही, हेच त्याला जास्त सलत होतं.

गिरणीला दिवाळीची सुट्टी लागली तसा तिथल्याच दोस्ताने, दगडूने, जुना बेत पुन्हा काढला. गुणाजी, दगडू, सीताराम आणि वसंत अशा चौघांनी शिडाच्या मचव्यातून रेवसला जाऊन दोन दिवस वाळूत लोळायचं, असा तो बेत. ठरवाठरव सगळी वसंतची. इतरांना ठाऊक होतं ते एवढंच, की तांडेलाचं नाव भिवा आणि मचव्याच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, निळे डोळे रंगवलेले. "त्याच्या नावाने जाऊन येऊ," दगडू म्हणाला. मचवा शोधायचं काम गुणाजीकडे आलं.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तो भाऊच्या धक्क्यावर पोचला. आदल्याच दिवशी द्विभाषिक राज्य सुरू झालं होतं आणि परळात कंदील मोजकेच लागले होते; धक्क्याला मात्र त्याचं सोयरसुतक नव्हतं. मंगळुरी कौलं उतरत होती, खजुराच्या करंड्यांवर माश्या घोंघावत होत्या, सुक्या मासळीचा वास नाकात बसत होता. गुणाजी बारा वर्षं या बेटावर राहत होता, पण गिरणीतला साचा आणि चाळीतली खोली सोडून त्याने पाहिलं होतं काय? दोन तास तो डोलकाठ्यांखालून फिरला. प्रत्येक ठिकाणी वाटत होतं, इथं वसंत उभा राहिला असेल. अखेर निळे डोळे दिसले.

गुणाजीने वसंतचा बेत सांगितला तसा भिवा तांडेल जाळं सोडून उठला. "परळची पोरं ना? पाच जण."

"चार होतो," गुणाजी म्हणाला. "आता तीन."

"पाच रे. तो उंच पोरगा मला चांगला आठवतो. म्हातारीला झेपेल का, ऊन लागेल का, सारखा इचारत होता. आईला घेऊन येणार, बोलला. वीस वरसांत तिने दर्या बघितला नाय म्हणत होता."

गुणाजीने काय झालं ते सांगितलं. तांडेल म्हणाला, "जागा पाचाचीच ठेवतो. उद्या दुपारी भरती भरली की सुटू."

परत आल्यावर गुणाजी तडक जिना चढला, हात हलवीत. राधाबाईंचं दार उघडं होतं. फळीवर शेजाऱ्यांची सात ताटं झाकलेली, एकालाही हात लागलेला नव्हता.

"ताट खय तुझां?" तिने विचारलं. "माझ्या झिलाच्या, वसंतच्या, दोस्तांचां ताट इल्याशिवाय गोड तोंडात घालूचंय नाय, म्हटलंय मी. दोन दिस दार उघडां ठेवलंय."

तो खाली धावला आणि अंबिकाच्या हातून ताट घेऊन आला. राधाबाईंनी करंजीचा तुकडा मोडला. मग त्याच्याने राहवेना.

"मावशे, त्या दिवशी हाक मीच मारली."

"ठावक आसा. मी कठड्यापाशी हुतंय. तो जाऊ की नको करीत हुतो." तुकडा तिच्या बोटांत तसाच होता. "सगळे जातत, तू घरात बसतंस काय, जा, असा मीच सांगलंय त्याका. ह्या मी कोणाक सांगूक नाय."

गुणाजी दारातच खाली बसला आणि दहा महिने अडकलेलं रडू त्याला आलं. राधाबाईंनी त्याला रडू दिलं. डोळे पुसत त्याने उद्याच्या मचव्याचं आणि तांडेलाने तिच्यासाठी ठेवलेल्या जागेचं सांगितलं. मग तिने तुकडा तोंडात घातला, सावकाश चावून गिळला.

"मचवो कितीक वाजता सुटता?" तिने विचारलं. "वसंतान माका तेव्हाच सांगल्यान हुतां."