पिकल्या पेरूची पारख

“आजही नाही,” मॅडम म्हणाल्या. “एकसुद्धा हललं नाही.”

मॅडमच्या प्रयोगशाळेतली फळं खाणारी वटवाघळं पिंजऱ्याच्या छताला उलटी लटकून स्वस्थ होती. खाली सैल फडक्यानं झाकलेल्या डब्यांपैकी एकात पिकलेला पेरू होता, बाकीच्यांत हिरवे. अंधारात नेमका पिकलेला हुडकायचा, एवढाच तो प्रयोग. गेल्या आठवड्यापर्यंत त्यांना तो चुटकीसरशी सापडायचा.

“भूक नसेल,” मावशी म्हणाल्या. “माणसाला नसते का कधी?”

मावशी कागदोपत्री मदतनीस, पण फळ निवडण्यात त्यांचा शब्द शेवटचा. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. त्यांनी पेरू हुंगून मान डोलावल्याशिवाय मॅडम पिंजरा उघडत नसत. हाताला तेल, पावडर किंवा वासाचा साबण लावून आलेल्याला त्या दारातूनच परत पाठवायच्या. एकदा संचालकांनाही पाठवलं होतं आणि ते निमूट गेले होते.

मॅडमनी डब्यातला पेरू काढून हुंगला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी मावशींचा हात नाकाशी नेला.

“मावशी, हात कशानं धुतलेत?”

“सुनेनं नवा साबण आणलाय. बिनवासाचा आहे.”

“अहो, गुलाबाचा घमघमाट सुटलाय. पेरूलाही तोच लागलाय.”

मावशींनी स्वतःचा हात हुंगला. परत हुंगला. साबण पांढरा होता. पांढरा म्हणजे बिनवासाचा, असं त्या धरून चालल्या होत्या. तापातून उठल्यापासून त्या पेरूसुद्धा रंगावर आणि अंगठ्याच्या दाबावर निवडत होत्या. ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. साबणानं मात्र घात केला. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण चूक उघडी पडल्यावर गप्प बसणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

“नाक गेलंय माझं,” त्या म्हणाल्या. “तापात गेलं. येईल परत म्हणून बोलले नाही. तुमचे इतके दिवस फुकट गेले ते माझ्यामुळे. काय बोलायचं ते बोला.”

मॅडम रागावल्या होत्याच, पण तेवढा राग गिळून त्यांनी टेबलावरची दोन चित्रं पुढे ओढली. दोन वटवाघळांचे दोन मेंदू.

“त्यांना पेरू का सापडला नाही, ते बघा. हा फळं खाणाऱ्याचा. पुढचा हा वासाचा भाग कसा टपोरा आहे बघा. आणि हा किडे पकडणाऱ्याचा. वासाचा भाग एवढासा, पण ऐकण्याचा केवढा फुगलाय. मेंदू पोसायला फार अन्न लागतं, मावशी. सगळंच मोठं ठेवणं या एवढ्याशा जिवाला परवडत नाही. ज्यावर पोट चालतं, ते वाढलं.”

“म्हणजे नाक गेलं की कान वाढतात?”

“एका जन्मात नाही. लाखो वर्षं जातात त्यात.”

“तेवढी सवड नाही मला. आहेत तेच कान बरे आहेत. किडे खाणाऱ्यांच्या खोलीत टाका मला. कोणाचं पोट भरलं नाही, ते चावण्याच्या आवाजावरून सांगेन.”

“आणि पेरू कोण निवडणार?”

“तुम्ही. तुमचं नाक धड आहे ना?”

दुसऱ्या दिवशी मॅडम टोपलीपुढे उभ्या राहिल्या. दोन पेरू हुंगून म्हणाल्या, “सारखेच वाटतात हो.”

“घाई नको. तयार पेरूचा वास आधी गोड येतो, मग मागून जरासा तुरट. तुरटाऐवजी आंबूस आला तर तो उतरला, तो बाजूला काढा.” मावशी आठवून आठवून सांगत होत्या, पण आवाज पूर्वीसारखाच ठणठणीत होता.

मॅडमनी एक निवडला. “हा?”

मावशींचा हात सवयीनं पुढे झाला. मग त्यांनी तो मागे घेतला.

“मला काय विचारता? त्यांना विचारा.”

पेरू डब्यात गेला, दिवे मालवले गेले. अंधुक तांबड्या उजेडात काही धड दिसेना. पंख फडफडले.

“खाताहेत,” मावशी म्हणाल्या. मॅडमना अजून काहीच दिसलं नव्हतं.

मॅडम घाईनं पिंजऱ्याकडे गेल्या आणि जाळीला कपाळ टेकवून बघत राहिल्या. त्यांची पाठ वळल्यावर मावशींनी टोपलीतला एक पेरू उचलला, नाकाशी धरला आणि डोळे मिटून लांब श्वास घेतला. वास आलाच नाही. मग तो हलकेच परत ठेवून त्यांनी टोपलीवर झाकण घातलं.