सोलांजचं नाक

आमच्या मोंशावें गावात वाइन चाखायला येणारी जोडपी आधी माझ्याकडे येतात. चर्चसमोरचा कॅफे माझा. कॉफी पितात आणि वाइन करणाऱ्या अन्सेल्म बुव्हरेचं घर कुठलं ते विचारतात. बहुतेक जोडप्यांत एकच जण बोलतो, दुसरा गाडीची किल्ली सांभाळतो.

रेमी आणि सोलांज दिजोंहून दर शरदात यायची, तेव्हा बोलायचं काम रेमीचं असायचं. त्याचं औषधांचं दुकान होतं, पण खरा जीव वाइनमध्ये. कुठल्या वर्षी गारा पडल्या, कुठल्या उतारावर माती कशी, सगळं त्याला तोंडपाठ. सोलांज बालवाडीत शिकवायची. ती चाखायची नाही, कारण परत जाताना गाडी तिला चालवायची असायची. तिला कुणी विचारलं तर म्हणायची, "मला त्यातलं काही कळत नाही," आणि रेमी मान डोलवायचा. त्यात त्याला एक सुख होतं, हे मला फार नंतर समजलं.

एका ऑक्टोबरात रेमी आला तो गाल सुजवून. अक्कलदाढ काढली होती, गोळ्या चालू होत्या, आणि स्वतःच औषधं विकणारा असल्यामुळे पथ्य मोडायची सोय नव्हती. भेट आधीच ठरली होती, म्हणून गाडी स्वतः चालवत आला.

"या वेळी तू चाख," माझ्यासमोरच तो सोलांजला म्हणाला. "काय शोधायचं ते मी सांगतो तुला."

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळं आणि वेगवेगळ्या वेळी. पण जुळतं.

अन्सेल्मने नेहमीप्रमाणे वरच्या खोलीत पेले मांडले. अन्सेल्म साठीचा, कमी बोलणारा माणूस. गिऱ्हाईक कितीही शहाणं असो, तो हो हो म्हणतो आणि पुढची बाटली उघडतो. रेमीने सुरुवात केली, की यात आधी लिंबाची साल येईल, मग गारगोटी. सोलांजने पेला नाकाशी धरला आणि म्हणाली, "मला तर आमच्या वर्गातला फळा पुसायचा ओला स्पंज आठवला."

रेमी हसला आणि तिच्या वतीने अन्सेल्मची माफी मागू लागला. अन्सेल्म हसला नाही. त्याने स्वतःचा पेला उचलला, बराच वेळ हुंगला आणि म्हणाला, "ओला स्पंज. आहे खरा. आणखी?"

आणखी काय, तर पुढच्या पेल्यात तिला अक्रोडाची हिरवी साल सापडली, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी नुकतीच मेणबत्ती विझवल्यासारखं काहीतरी. त्याच्या पुढच्या पेल्यात तिला काहीच सापडलं नाही, आणि तसं ती सरळ बोलली. "पाणी पितेय असं वाटतं," म्हणाली. ती वाइन अन्सेल्मची आवडती. तो जरा हिरमुसला, तिच्याशी वाद घालायला लागला, आणि वाद घालता घालता त्याने खिळ्यावरची किल्ली काढली.

"खाली चला," तो तिला म्हणाला.

खालच्या तळघरात तो कुणाला नेत नाही. तिथे त्याची पिवळी वाइन निजलेली असते. पिंपं काठोकाठ भरत नाहीत, वाइनवर दुधासारखी साय धरू देतात, आणि मग सहा वर्षं तिला कुणी हात लावायचा नाही. धक्का लागला तर साय मोडते. रेमी वर्षानुवर्षं आडून आडून सुचवत होता, आणि अन्सेल्म तितकीच वर्षं पायऱ्या ओल्या आहेत म्हणत होता. त्या दिवशीही पायऱ्या ओल्याच होत्या. सोलांज पुढे उतरली, तिच्या मागे अन्सेल्म, आणि सर्वांत शेवटी सुजल्या गालाचा रेमी, त्याला कुणी बोलावलं नव्हतं तरी.

खाली अन्सेल्मने दोन-तीन पिंपांतून थेंब थेंब काढून तिला दिले. एकाबद्दल ती म्हणाली की हे पोर रुसलंय. एकाबद्दल म्हणाली की ही वाइन बिघडली आहे, आणि तिथे ती साफ चुकली. अन्सेल्मने कसं चुकलं ते समजावलं तेव्हा ती स्वतःवरच खळखळून हसली. तिचे गाल लाल झाले होते. रेमीने मला नंतर सांगितलं, की घरात हे हसू त्याने ऐकलं नव्हतं असं नाही, पण ते शेवटचं कधी ऐकलं हे त्या अंधारात त्याला आठवेना. आणि ते त्याला दाढेपेक्षा जास्त दुखलं.

"ही उन्हाळ्यात वाइनमध्ये बर्फ टाकते, बरं का," तो मागून म्हणाला.

"गरम होत असेल," अन्सेल्म म्हणाला, आणि त्याने पुढच्या पिंपाचं बूच काढलं.

परतताना गाडीत रेमीने तिला सांगितलं, की तो माणूस तुझी गंमत करत होता. एकटा राहतो, म्हातारपण जवळ आलंय, एखादी बाई ऐकून घेतेय म्हटल्यावर कुणीही पाघळेल. सोलांज खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी रेमीने नवा खेळ काढला. बाटल्यांना कापड गुंडाळून तो जेवताना तिच्यासमोर पेले ठेवायचा आणि ओळख म्हणायचा. आधी तिलाही मजा वाटली. पण ती काही बोलली की तो पुस्तक उघडायचा, आणि पुस्तकात स्पंज नसायचा, रुसलेलं पोर नसायचं. थोड्याच दिवसांत ती पुन्हा म्हणायला लागली, मला त्यातलं काही कळत नाही. रेमीला हायसं वाटलं. पण तो स्वतः स्नानघरात दार लावून साबण हुंगायचा, कोटाची बाही हुंगायचा, कॉफीचा डबा हुंगायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला साबण, कोट आणि कॉफी यांपलीकडे काही मिळायचं नाही.

जानेवारीत अन्सेल्मने त्यांच्या घरी फोन केला. फेब्रुवारीत पिंपं उघडायच्या आधी तो गावातल्या चार माणसांना टेबलाशी बसवतो. त्याची आई लेओनी, निवृत्त झालेला आमचा गुरांचा डॉक्टर, मी, असे. कुठलं पिंप बाटलीत जायचं आणि कुठलं अजून थांबायचं, ते तिथे ठरतं. त्या वर्षी त्याला सोलांज हवी होती. फोन रेमीने उचलला, निरोप सांगतो म्हणाला, आणि सांगितला नाही.

अन्सेल्म वाट बघत राहिला. शेवटी माझ्याकडे येऊन म्हणाला, "त्या बाईंना राग आला असेल का माझा? मी त्यांना चुकलात म्हणालो होतो." माझ्याकडे सोलांजचा नंबर होता, अक्रोडाच्या केकची कृती मी तिला एकदा फोनवर सांगितली होती. मी फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "त्यांचं बोलणं रेमीशी झालं होतं?"

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

"मी येते," ती म्हणाली. "तुमच्याकडे वरची खोली मिळेल का?"

घरी तिने भांडण केलं नाही. मी मोंशावेंला चाललेय एवढंच सांगितलं, आणि ट्रेनने, मग बसने आली. ती अन्सेल्मकडे पोचली आणि आम्ही सगळे टेबलाशी बसलो. मी मधेच पाव आणायला कॅफेत परत आले, तर दारात रेमी उभा. दाढी न केलेला, कोटाची बटणं खालीवर लागलेली.

"ती त्याच्याकडे आहे ना?" त्याने विचारलं.

"आम्ही सगळेच आहोत त्याच्याकडे," मी म्हटलं. "हे पाव धरा."

दोन्ही काखांत लांब पाव घेऊन तो माझ्यामागून आला. मला वाटलं होतं, आत आल्यावर म्हातारीला बघेल, डॉक्टरला बघेल, चीजचे तुकडे आणि चाखलेली वाइन थुंकायची बादली बघेल आणि जरा शांत होईल. पण आत आला तेव्हा सोलांज पेल्यात नाक खुपसून बसली होती आणि अन्सेल्म तिच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता, ती काय म्हणते त्याची. माणूस असं एखाद्याच्या तोंडाकडे बघतो तेव्हा दुरून ते प्रेमच दिसतं. रेमीने पाव टेबलावर टाकले.

"तुमचं दोघांचं काय चाललंय, ते मला कळलं पाहिजे," तो म्हणाला.

मग लेओनी, जिला अर्धं ऐकू येतं असं आम्ही समजतो, म्हणाली, "बाबा रे, माझ्या पोराचं लग्न त्या पिंपांशी झालंय. त्याची बायको हेच बोलून बेझांसोंला निघून गेली. तू बस, पाय दुखतील."

डॉक्टरने मिशीत हसू दडवलं. अन्सेल्म मात्र कानापर्यंत लाल झाला, आणि ते रेमीने पाहिलं. सोलांज उठली, नवऱ्याच्या दंडाला धरून त्याला अंगणात घेऊन गेली. दार उघडंच राहिलं. मी चीज कापत होते, आणि कान काही झाकता येत नाहीत.

"फोनचं मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तुला तो आवडतो?"

"आवडतो. मला काय वाटतं ते त्यांनी विचारलं, आणि मी सांगेपर्यंत थांबले. एवढंच आहे बघ. तू एवढ्या थंडीत, न जेवता धावत आलास, म्हणजे माझ्यासाठी तुला अजून जळता येतं. खरं सांगू? मला बरं वाटलं."

मग रेमी जे बोलला ते त्याने बोलायला नको होतं. पण बोलला, आणि खरं बोलला, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

"मी त्याच्यावर नाही जळत, सोलांज. तुझ्यावर जळतोय. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली, कुठे कुठे गेलो, आणि मला कुणी खाली नेलं नाही. तू एकदा नाक लावलंस, आणि त्याने किल्ली काढली. ते तुला का मिळावं? तुला तर ते नकोही होतं."

माझ्या हातातली सुरी थांबली. आत अन्सेल्म उगाचच पेले पुसायला लागला.

सोलांजचा आवाज आला तेव्हा तो अगदी सरळ होता, वर्गात लहान मुलाशी बोलावं तसा. "तू त्याच्यावर जळत असतास ना, तर मी आत्ता तुझ्याबरोबर गाडीत बसले असते. तुला काय माहीत मला हवं होतं की नको? मी तुझ्यासाठी गाडी चालवत होते." मग म्हणाली, "मी आत जाते. माझा पेला अर्धा राहिलाय."

ती आत आली, जागेवर बसली, डोळे पुसले नाहीत कारण ते ओले नव्हते. पेला उचलला आणि म्हणाली, "हे अजून एक वर्ष थांबू द्या." आवाज थोडा फाटला, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाला, नको, हे तयार आहे. त्यावरून वाद सुरू झाला, आणि वाद सुरू झाला म्हणून सगळ्यांना मोकळं वाटलं.

रेमी अंगणात उभाच राहिला. शेवटी लेओनी काठी टेकत गेली आणि त्याला आत घेऊन आली. टेबलाच्या टोकाला बसवलं, पुढ्यात पेला ठेवला. त्याने वास घेतला. आम्ही कुणी काही विचारलं नाही, त्यालाही बोलायचं नव्हतं. तो प्याला, पेला खाली ठेवला आणि चीज खाल्लं. त्या रात्री सोलांज माझ्या वरच्या खोलीत झोपली आणि तो खाली कॅफेतल्या बाकावर, कोट पांघरून. मी दोन गाद्या काढल्या होत्या, पण तिने एकच वर नेली.

ती दोघं वेगळी झाली नाहीत. गावातल्या पुष्कळांना वाटलं होतं की होतील, लेओनीने तर डॉक्टरशी पैज लावली होती. दर फेब्रुवारीत ती येतात. सोलांज अन्सेल्मकडे जाते. तिची खुर्ची आता ठरलेली आहे, आणि ती दर वर्षी एकदा तरी चुकते, अन्सेल्मशी कडाकडा भांडते. रेमीलाही बोलावणं असतं. तो येत नाही. माझ्या कॅफेत पोस्टमनबरोबर पत्ते खेळतो आणि वाइनवर बोलत नाही. कधीतरी सोलांज त्याच्यासाठी छोट्या बाटलीत थोडी वाइन आणते. तो घेतो, थँक्यू म्हणतो, आणि ती वळली की बाटली खिशात घालतो. ती तो नंतर उघडतो की नाही, मला माहीत नाही.

गेल्या खेपेला मी अन्सेल्मच्या टेबलावरून परत आले, तर पत्ते खाली ठेवून त्याने हळूच विचारलं, कोपऱ्यातल्या पिंपाबद्दल ती काय म्हणाली. मी सांगितलं, की ती म्हणाली, पाहुणे गेल्यावर आवरलेल्या घरासारखी आहे ही वाइन.

त्याचा चेहरा आंबट झाला, आणि तसाच राहिला.

"हं," तो म्हणाला. "मीही तेच म्हणणार होतो."

पोस्टमन म्हणाला, "तू तर चाखलीच नाहीस." पिसलेले पत्ते रेमीने पुन्हा पिसले, आणि वाटायला सुरुवात केली.