निजलेल्या पावलाचं माप

माघातलं उतरतं ऊन. पंचगंगेवरून आलेलं, हळदुलं, मंदपावली. चप्पल गल्लीच्या तोंडाशी ते क्षणभर थबकतं आणि मग टांगलेल्या वहाणांवर सांडतं. ताम्रवर्णी, मधुवर्णी, करकरत्या, गोंडेदार वहाणा. चामड्याचा उग्रमधुर गंध उन्हात विरघळतो आणि सारी गल्ली सुवर्णधूसर होते.

त्या सुवर्णधूसरात एक दुकान. तातोबानं ते मांडलं तेव्हा त्याला भिंतच नव्हती. डोईवर चिंचेची छाया, पुढ्यात चामडं भिजवायची कुंडी, हातात आरी. त्याच्या लेकानं, मारुतीनं, छायेच्या जागी पत्रा घातला. मारुतीच्या दिनकरनं पत्रा काढून स्लॅब टाकला, काचेचं कपाट आणलं. छाया गेली, पत्रा गेला, काच आली. एक रीत मात्र राहिली.

घरातलं लेकरू चालू लागलं की त्याला दुकानाच्या उंबऱ्याशी कागदावर उभं करायचं. पावलाभोवती रेघ ओढायची. त्या मापाची पहिली वहाण आजोबानं शिवायची आणि कागद भिंतीवर लावायचा. भिंतभर इवली पावलं; पीतजीर्ण, कोमलरेख, कुठंच न पोचलेली.

दिनकरची एकुलती लेक स्वप्नाली. एम.एस्सी. झालेली, नदीपलीकडच्या नव्या कॉलनीत नांदणारी. तिची ईरा दीड वर्षाची झाली. पोरीला कधी आणतीस, असं तिचे आबा, म्हणजे दिनकर, दर रविवारी फोनवर विचारत. कधी ईराला सर्दी असे, कधी दात येत असत, कधी ऊन फार असे.

खरं कारण ऊन नव्हतं. वडील एक्स्पोर्टमध्ये आहेत, असं तिनं कॉलनीत सांगितलं होतं. बागेत ईरा दुसऱ्या मुलाचा हात धरी, तेव्हा स्वप्नाली त्या मुलाच्या आईचा चेहरा न्याहाळत बसे. उद्या कुणी तो हात हळूच सोडवून नेला तर? भय तिच्या उशाशी बसे, भय तिच्या पदराला लोंबे. आणि भयाच्या पोटात लाज. कृष्णवर्णी, मूक, दिवसागणिक वाढणारी.

म्हणून एका दुपारी, ईरा झोपलेली असताना, तिनं त्या गुलाबकळी पावलाखाली वही धरली आणि रेघ ओढली. तोच कागद घेऊन आज ती एकटी आली होती.

आबांनी चष्मा चढवला. रेघेवरून अंगठा फिरवला. टाचेपाशी थांबला, चवड्यापाशी थांबला.

"हे पाऊल हुबं न्हाई, बाळ."

तिनं पदर सारखा केला.

"पोरगी निजली हुती नव्हं? निजल्या पायात वजन नसतंय. रेघंला कळतं."

का, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. नुसता कागद गुडघ्यावर ठेवून तळव्यानं सपाट करत राहिले. सपाटच असलेला कागद, पुन्हा सपाट, पुन्हा सपाट.

तेवढ्यात पायरीवर सावली पडली. कॉलनीत तिच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नेर्लेकर वहिनी, हातात भाजीची पिशवी.

"ईराची मम्मी, तुम्ही इकडं कुठं?"

"चपला बघायला आले."

"मग मी पण बघते. ओळखीचं आहे का दुकान? भाव तरी कमी करतील."

गल्लीचा श्वास अडला. भिंतीवरची पावलं जागच्या जागी थिजली.

"नाही," स्वप्नाली म्हणाली. "सहजच शिरले."

दिनकरनं कागद खिशात सरकवला. खांद्यावरच्या फडक्यानं स्टूल पुसलं, पुढं केलं. आवाजात ना कंप, ना काठिण्य. चाळीस वर्षं गिऱ्हाइकापुढं झुकलेला तो मृदुल, सरावलेला आवाज.

"बसा, ताई. कितवा नंबर काढू?"

ती बसली. तो खाली बसला. वृद्ध, चर्मकठीण, शतव्रणांकित तळहातानं तिचं पाऊल अलगद उचललं, गुडघ्यावर घेतलं.

"पाच," ती म्हणाली.

ते शुभ्रविरळ मस्तक वर झालं नाही. जन्मदात्याच्या छातीशी लेकीची टाच. आणि दोघांचीही नजर जमिनीवर, जमिनीवर, जमिनीच्या पार आत.