घरच्या मशीनला एकच

"आप्पा, हे तुमच्या पुतण्यानं आणलं कुठनं?"

केंदूरचे हौसराव आप्पा स्टुलावर सावरून बसले. "इंटरनेटवरनं. फुकाट व्हतं म्हणला. व्हायरस काढायचं औषध हाय म्हणला."

"औषध कसलं, हाच रोग हाय. साफसफाई करतो म्हणून घरात शिरला आन् आता आतनं कडी लावून बसलाय."

शिरूरच्या बाजारपेठेतल्या आठ बाय दहाच्या दुकानात बद्रुद्दीनभाई बावीस वर्षं हेच काम करत आले होते. लोक बिघडलेले कॉम्प्युटर आणत आणि ते साफ करून देत. आज आप्पांच्या दूध संकलन केंद्राचा कॉम्प्युटर टेबलावर होता. भाईंच्या समोर नाडीत ओवलेले तीन पेनड्राइव्ह ठेवलेले असत. प्रत्येकात वेगळं टूल. आजारी मशीनमध्ये नवं काही भरायचं नाही, पेनड्राइव्ह लावायचा, टूल तिथूनच चालवायचं, काम झालं की काढून घ्यायचा, अशी त्यांची पद्धत. पेनड्राइव्हला बारीकसा खटका असे. तो सरकवला की मशीनमधला रोग उलटा त्यावर चढत नसे. पहिल्या टूलला ते झाडू म्हणत, ते नुसता कचरा काढी. दुसरी चाळण, ती नेहमीचे व्हायरस पकडी. तिसरा हवालदार. कुणी मुद्दाम आणून बसवलेलं, दुसऱ्याच नावानं लपून राहिलेलं काही असलं तर ते हवालदारच शोधायचा. कुठल्याही मशीनला तिन्ही लावल्याशिवाय ते हात धूत नसत.

तिन्ही टूल्स रोज सकाळी शटर उघडायच्या आधी ते मूळ ठिकाणावरून नवी उतरवून घेत. कुणी दिलेलं, कुणी चांगलं म्हटलेलं टूल त्यांना चालत नसे. खरं सांगायचं तर माणूस मुलखाचा संशयी. चहावाल्यानं कप नेहमीपेक्षा जरा जास्त भरला तरी आज ह्याचं काय काम असेल, असा विचार करूनच ते पहिला घोट घेत. पण ह्याच स्वभावावर दुकान चाललं होतं. ज्याला सगळ्यांचा संशय येतो त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास, असा तो उलटा मामला होता.

आप्पांच्या मशीनला हवालदार लावून भाई वाट बघत होते, तेवढ्यात शाहिस्ता आली. त्यांची एकुलती एक मुलगी. कारेगावच्या एका कंपनीत स्टोअरच्या ऑफिसात लागून तिला वर्ष झालं होतं. आज तिची सुट्टी होती.

"अब्बा, ये देखो ना," तिनं काखेतला लॅपटॉप टेबलावर ठेवला. बापलेकीची बोली हिंदी. "लई स्लो चलरा. साफ कर देव."

"छोड के जा. शाम को घर ले आता मैं."

"बैठती ना मैं. काम क्या है मेरे कू आज?"

तो लॅपटॉप कशानं मंद झालाय ते भाईंना पुरतं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत बॅटरी बदलायच्या निमित्तानं तो त्यांच्याकडे आला होता, तेव्हा त्यांनीच त्यात एक प्रोग्राम बसवला होता. शाहिस्ता जे जे टाइप करी ते सगळं रोज सकाळी त्यांच्या फोनवर येऊन पडे.

असं करायला काही कारण होतं का? म्हटलं तर होतं. त्याच्या थोडं आधी एक बाप आपल्या मुलीचा कॉम्प्युटर घेऊन आला होता. कुणा परक्या माणसानं त्या मुलीला महिनोन्‌महिने धमकावून फोटो मागवले होते. ते सगळं उघडं पडलं तेव्हा तो बाप ह्याच दुकानात तोंड झाकून रडला. भाईंच्या डोळ्यांसमोरून तो जाईना. आपली पोरगी रोज एकटी कारेगावला जाते, कुणाशी बोलते, काय लिहिते, आपल्याला काय माहीत? तिला विचारायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. प्रोग्राम बसवायचं कसब मात्र होतं.

त्यांनी लॅपटॉप पुढे ओढला, झाडू लावला. पाच मिनिटांत काम आटोपलं. "हो गया. कचरा था," असं म्हणत त्यांनी झाकण मिटलं.

हौसराव आप्पा हे सगळं मजेनं बघत होते. "का ओ बद्रूभाई, आमच्या मशिनीला तीन-तीन आन् घरच्या मशिनीला एकच व्हय?"

शाहिस्ता हसली. "आप्पा, घरचं काम फुकटचं असतंय ना!"

हसता हसता तिनं बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू थांबलं. शाळेत असल्यापासून ती ह्या दुकानात बसत आली होती. कुठलं टूल कशासाठी हे तिला पाढ्यांसारखं पाठ होतं. आणि अब्बांनी एकावर भागवलंय असं तिनं आजवर कधी पाहिलं नव्हतं.

"अब्बा, तीसरा लगाव."

"कुछ नहीं उसमें."

"लगाव ना."

"तिसऱ्याचं अपडेट न्हाई झालं आज," भाई आप्पांना ऐकू जाईल असं मराठीत म्हणाले. धंद्याच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि तेही धड जमलं नाही.

"आत्ता तर माझ्या मशिनीला लावलंय की!" आप्पा म्हणाले. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं.

आप्पांचं मशीन तपासून झालेलंच होतं. शाहिस्तानं हवालदार त्यातून काढला, खटका नीट सरकवलाय का ते पाहिलं आणि आपल्या लॅपटॉपला लावला. भाईंनी हात पुढे केला, पण तिला अडवायचं काय सांगून? हात तसाच टेबलावर राहिला.

तिघंही पडद्याकडे बघत बसले. थोड्या वेळानं एक लाल ओळ उमटली.

"काय गावलं ग पोरी?" आप्पांनी मान पुढे काढली.

"आप्पा, तुमचं झालं. घेऊन जावा," भाई म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून आप्पा चपापले. एरवी निघता निघता अर्धा तास बोलणारा माणूस, पण कॉम्प्युटर उचलून चकार शब्द न काढता ते पायऱ्या उतरून गेले.

शाहिस्तानं लाल ओळीवरची तारीख बोट ठेवून वाचली. "दिवाळीच्या सुट्टीत हा तुमच्याकडं व्हता. बॅटरीसाठी."

ती मराठीत बोलली. दुकानात दुसरं कुणीही नव्हतं आणि ती त्यांच्याशी मराठीत बोलत होती, दारात आलेल्या गिऱ्हाइकासारखी. भाईंना ते तारखेपेक्षा जास्त लागलं.

"बेटा, सुन तो..."

"किती वाचलं?"

"सब," ते म्हणाले. आता खोटं बोलण्यात काही अर्थ नव्हता.

"काय गावलं मग?"

"कुछ भी नहीं. कसम से."

ते खरंच होतं. सात महिन्यांत त्यांना काय मिळालं होतं? कंपनीच्या मालाचे तक्ते, दालच्याची कृती, राहू गावच्या आसमीनशी तासन्‌तास मारलेल्या गप्पा. ही आसमीन शाहिस्ताची कॉलेजपासूनची मैत्रीण. त्या गप्पांतलीच एक गोष्ट सांगितली तर पोरीचा राग थोडा तरी उतरेल, असं त्या भोळ्या संशयी माणसाला वाटलं.

"आसमीन को तूने लिखा था," ते घाईघाईनं म्हणाले. "तिला घरचे सतत विचारतात, कुठं गेलीस, कुणाबरोबर गेलीस. तवा तू लिहिलं व्हतं, माझ्या अब्बांचं तसं न्हाई. त्यांचा माझ्यावर भरोसा हाय, ते कधी काही विचारत न्हाईत." बोलता बोलता तेही मराठीवर आले होते. "मी ते दोनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

शाहिस्तानं तारखेवरचं बोट काढलं.

"कवा वाचलं हे?"

"रमजानच्या आधी."

"आन् तरी न्हाई काढलं?"

ते वाचलं त्या दिवशी प्रोग्राम काढून टाकायचं भाईंनी ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात आला आणि तिनं आणखी काय लिहिलं असेल ते बघायला त्यांनी फोन उघडला. वाईट शोधायला बसवलं होतं, आता चांगलं वाचायची चटक लागली होती. पोरगी घरी आली की जेमतेम चार शब्द बोलायची. फोनवर ती अख्खी भेटायची. हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? आपण केलं ते वाईट केलं हे त्यांना दिवाळीतही कळत होतं, आणि आता तर ते जास्तच टोचत होतं.

शाहिस्तानं लाल ओळीवर क्लिक केलं आणि प्रोग्राम काढून टाकला. पुन्हा एकदा हवालदार चालवून पाहिला. काही उरलं नव्हतं. तिनं लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला आणि मग स्वतःचा मोबाइल बापासमोर धरला.

"ह्याच्यात हाय?"

"नहीं. अल्ला कसम, नहीं."

तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. लहानपणापासून ज्या चेहऱ्यावर तिनं काही शोधलं नव्हतं, त्याच्यावर आज ती शोधत होती. मग तिनं मोबाइल पर्समध्ये टाकला.

"दौंडला त्या बन्सीचं दुकान हाय ना स्टेशनजवळ? त्याच्याकडनं तपासून घेते दोन्ही."

तालुक्यातले लोक आपली मशीनं घेऊन बद्रुद्दीनभाईंकडे येत आणि त्यांची मुलगी पन्नास किलोमीटरवर दुसऱ्याकडे जायला निघाली होती.

"बन्सी अच्छा है," भाई म्हणाले. आपल्या धंद्यातल्या कुणाला त्यांनी आजवर चांगलं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी घाईनं खिशातून फोन काढला. "उस कू बोल देता मैं. नीट देखेगा."

"नको. तुम्ही नका सांगू काही."

नंबर शोधणारा अंगठा जागच्या जागी थांबला. तिचं चुकत नव्हतं. दुसऱ्या कुणा पोरीनं येऊन सल्ला विचारला असता, तर त्यांनीही हेच सांगितलं असतं, की ज्यानं बसवलंय त्याला तपासणाऱ्याशी बोलू देऊ नकोस.

शाहिस्ता पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या दिशेनं चालू लागली. भाईंनी फोन परत खिशात ठेवला.