तीन अक्षरांवरचे ऊन

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे आणि मला उन्हाची भीती वाटते. हसू नका, आधी माझी कहाणी ऐका.

कारखान्यात मला घासून घासून गुळगुळीत केले, मग पितळी कडे आणि लाकडी मूठ बसवली. एका घड्याळजीने मला जिवापाड जपले. त्याचे हात थरथरू लागले आणि मी खणात धूळ खात पडले. पुढे त्याच्या मुलीने, निवृत्त शिक्षिका असलेल्या ताईंनी, मला बाहेर काढले. घराण्याची जुनी वंशावळ त्या नव्या वहीत उतरवत होत्या. मूळ लिहिणारा पक्का चिक्कू! पुत्राचा 'पु.', कन्येचा 'क.', पूर्ण शब्द लिहील तर शपथ.

"अगं, सरळ पूर्ण शब्द लिहून टाक ना," धाकटा भाऊ म्हणायचा.

"अंदाजपंचे लिहू होय? आधी आहे तसं उतरवायचं, आपला अर्थ कंसात. आपण चुकलो तर पुढच्याला कळायला नको?"

एका सकाळी पानाच्या तळाशी 'क. ल. वा.' दिसले. ताई थबकल्या.

"कन्या, लहानपणी वारली," त्या हळूच म्हणाल्या. "पोरीचं नावसुद्धा नाही रे लिहिलं."

तेवढ्यात दार वाजले. मला उघड्या पानावर, चष्म्याच्या घराला टेकवून त्या उठल्या. दाराशी शेजारीण होती, गप्पा रंगल्या.

खिडकीतले ऊन सरकत माझ्यावर आले. पानावर पांढरा ठिपका पडला आणि बघता बघता तपकिरी झाला. धुराची बारीक रेघ निघाली. ठिपका 'क.'कडे सरकत होता. मला ना हलता येत होते, ना ओरडता. ती आग माझ्याच अंगातून जात होती! भीतीने माझी गाळण उडाली.

"ताई, काहीतरी जळतंय!" आतून भाऊ ओरडला.

ताई धावत आल्या. मला बाजूला सारण्याआधीच त्यांनी अक्षरांवर तळहात ठेवला. चांगलाच चटका बसला, पण अक्षरे बचावली.

"अगं, हात पाण्याखाली धर आधी!"

"थांब रे. आधी या पोरीची नोंद नव्या वहीत करू दे."

आता मी कापडी पिशवीत राहते. तरी खिडकी उघडल्याचा आवाज आला की पिशवीचे तोंड नीट बंद आहे ना, हे मी आधी बघते. मित्रांनो, काम झाले की भिंग झाकून ठेवत जा. त्या पोरीच्या वाट्याला साऱ्या जगातून तीनच अक्षरे आली. तीही कुणाच्या विसरण्याने जळू नयेत.